संगणक शंकासमाधान : हार्ड डिस्कवरूनच सिस्टिम टाकताना

या वेळी खानदेशातून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. सेटअपच्या फाइल्स संगणकाच्याच हार्ड डिस्कवर आहेत, तिथूनच विंडोज किंवा लिनक्स टाकायचे आहे आणि काम मधेच अडले आहे. ही पद्धत अजिबात चुकीची नाही. फक्त फाइल्स कुठे आहेत, संगणक कशावरून सुरू होणार आणि नवी सिस्टिम कुठे लिहिली जाणार, या तीन जागा वेगळ्या ठेवाव्या लागतात. पेन ड्राइव्ह वापरला की पहिल्या दोन जागा आपोआप डिस्कच्या बाहेर राहतात. डिस्कवरून टाकताना तिन्ही एकाच ठिकाणी येतात आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात. उत्तरे वाचताना हे लक्षात असू द्या.

कमांड आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.

अमळनेर : कार्यालयासाठी जुना संगणक घेतला. आठव्या पिढीचा आय५ आहे, ६४ बिट विंडोज १० चालू आहे. बायोसला (संगणकाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड आहे आणि तो कोणालाच माहीत नाही, म्हणून पेन ड्राइव्हवरून बूट म्हणजे सुरू करता येत नाही. डी ड्राइव्हमध्ये विंडोज ११ ची आयएसओ (सेटअपच्या सगळ्या फाइल्स एकत्र असलेली एकच फाइल) आहे. डबल क्लिक करून सेटअप चालवले, पण सी फॉरमॅट करण्याचा पर्याय येत नाही. काय करावे?

चालू विंडोजच्या आतून सेटअप सुरू केले, तर ज्या सीवर ते विंडोज उभे आहे तो फॉरमॅट होऊ शकत नाही. म्हणून तिथे पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) यादीच दाखवली जात नाही. विंडोजबरोबर येणारी रिकव्हरी मात्र रॅममध्ये उतरून चालते. ती चालू असताना सीला कोणी धरून ठेवलेले नसते. तिथून सेटअप सुरू केले की तुमचे काम होते, आणि बायोसला हातही लावावा लागत नाही.

आधी तयारी. आयएसओ डबल क्लिकने उघडा आणि आतल्या सगळ्या फाइल्स डीवर ‘विन’ नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. नुसती आयएसओ ठेवून चालणार नाही, कारण रिकव्हरीत ती डबल क्लिकने उघडत नाही. फोल्डर ५ जीबीहून मोठा होतो. डी एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तरी चालतो. पेन ड्राइव्हला फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमुळे येणारी एका फाइलला ४ जीबीची मर्यादा इथे आड येत नाही. मग डीला ‘सेटअप’ असे नाव द्या. हे नाव पुढे फार उपयोगी पडते.

डी ड्राइव्हच नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी सुमारे १२,००० एमबीने लहान करून नवा भाग तयार करा. सी लहान होत नसेल, तर मधे न हलणाऱ्या फाइल्स आहेत असे समजा. अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या, पेज फाइल तात्पुरती बंद करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

आता शिफ्ट दाबून ठेवत रीस्टार्ट निवडा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि कमांड प्रॉम्प्ट या क्रमाने जा. इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणून ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’ देऊन ‘सेटअप’ नावाच्या भागाचे अक्षर बघा. ‘एक्झिट’ करून बाहेर या आणि ते अक्षर डी असेल तर ‘डी:\विन\सोर्सेस\सेटअप.ईएक्सई’ चालवा. पार्टिशनच्या यादीत जुना सी आकारावरून आणि नावावरून ओळखा आणि फक्त तोच फॉरमॅट करा. ‘सेटअप’ला हात लावू नका. तो पुसला तर नवे विंडोज टाकायला फाइल्स उरणार नाहीत आणि जुने विंडोजही गेलेले असेल. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा रिकव्हरीत जाऊ नका, पुढचे काम आपोआप चालू राहते.

रिकव्हरीचा पर्याय दिसतच नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रिएजंटसी /इन्फो’ने ती चालू आहे का बघा, बंद असेल तर ‘रिएजंटसी /एनेबल’ द्या. जुने विंडोज ३२ बिट असेल तर हा रस्ता बंद आहे. ३२ बिटच्या रिकव्हरीत ६४ बिटचे सेटअप चालत नाही.

शिरपूर : पेन ड्राइव्हने विंडोज ११ टाकताना ‘डिस्क एमबीआर आहे, इथे विंडोज टाकता येत नाही’ असा संदेश येतो. ओळखीच्या मुलाने डिस्कपार्टमधून ‘क्लीन’ करायला सांगितले. डीवर पाच वर्षांची बिले आणि ईवर फोटो आहेत. क्लीन केल्याने फक्त सी जाईल ना?

नाही. थांबा. ‘क्लीन’ संपूर्ण डिस्कचा विभागणी तक्ता पुसते. सी, डी, ई तिन्ही जातील. बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतल्याशिवाय ती कमांड टाइपसुद्धा करू नका.

संदेश का येतो ते सांगतो. संगणक यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू झाला आहे आणि त्या पद्धतीत विंडोजला जीपीटी म्हणजे नव्या पद्धतीने विभागलेली डिस्क लागते. तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली आहे. माहिती न गमावता रूपांतर करायला विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे. जुन्या ६४ बिट विंडोजमध्ये अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाउफुलओएस’ द्या. ही फक्त तपासणी आहे, काही बदलत नाही.

तुमच्या बाबतीत ती बहुधा नापास होईल. आपल्याकडे असेंबल केलेल्या संगणकांत सी प्रायमरी असतो आणि डी, ई हे एक्स्टेंडेड भागातले लॉजिकल ड्राइव्ह असतात. हे साधन लॉजिकल ड्राइव्ह असलेली डिस्क घेतच नाही. प्रायमरी भागही जास्तीत जास्त तीन चालतात, कारण चौथी जागा त्याला नव्या ईएफआय भागासाठी (विंडोज सुरू करून देणाऱ्या फाइल्सच्या भागासाठी) हवी असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी आणि ईभोवती हिरवी चौकट दिसत असेल तर ते लॉजिकल आहेत.

मग रस्ता असा. डी आणि ईची बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. प्रत झाली म्हणून लगेच पुसू नका. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाच-दहा बिले आणि फोटो उघडून बघा. त्यानंतर डी, ई आणि एक्स्टेंडेड भाग डिलीट करा, पुन्हा तपासणी करा, पास झाली की त्याच कमांडमध्ये ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहा. पुढच्या वेळी सुरू करताना बायोसमध्ये सीएसएम किंवा लेगसी (सुरू होण्याची जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय निवडा, नाहीतर जुने विंडोजही उठणार नाही. रूपांतर चालू असताना वीज जाता कामा नये. इन्व्हर्टरवर काम करा.

बूट मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावापुढे ‘यूईएफआय’ लावून आणि एकदा त्याशिवाय. दुसरा निवडला की एमबीआर डिस्कवर विंडोज १० बसते, आणि दुकानांत हा सोपा उपाय सर्रास केला जातो. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. बिलांच्या संगणकासाठी आम्ही तो उपाय सुचवणार नाही.

नंदुरबार : लॅपटॉप ११ व्या पिढीचा आहे. विंडोज नीट चालत नव्हते म्हणून पेन ड्राइव्हने नवे टाकायला घेतले, तर सेटअपला एकही डिस्क दिसत नाही. ड्रायव्हर मागते. तो डीवर ठेवलेला आहे, पण तिथे जाताच येत नाही.

डिस्क बिघडलेली नाही. ११ व्या पिढीपासून अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकाच्या मागे असते. त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे नसेल तर डिस्क दिसत नाही. डीही त्याच डिस्कवर असल्याने तोही दिसणार नाही. ड्रायव्हर डिस्कच्या बाहेरच हवा.

लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा. तो ‘सेटअपआरएसटी.ईएक्सई’ अशी एकच फाइल असेल तर ती तशीच पेन ड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. चालू विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेटअपआरएसटी.ईएक्सई -एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ आणि पुढे फोल्डरचे नाव देऊन ती मोकळी करा. त्यातून निघालेला आयएनएफ फाइल असलेला फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवला की डिस्क लगेच दिसते.

दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस दाबले की दिसतो. मात्र व्हीएमडी बंद केल्यावर जुने विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल. पुन्हा चालू केले की ते पूर्ववत उठते, घाबरू नका.

यातले काहीही करण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. आजकाल मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या लॅपटॉपवर ते मालकाला न कळता चालू असू शकते. बायोसमधला बदल झाला की ते ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ म्हणजे किल्ली मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आधी कागदावर उतरवून घ्या. किल्ली नाही आणि प्रतही नाही, अशा अवस्थेत डीवरची माहिती कोणीही परत आणू शकत नाही.

भुसावळ : डीवरून विंडोज टाकताना कधी ३८ टक्क्यांवर, कधी ७१ वर ‘०एक्स८००७०५७०’ ही चूक येते. आयएसओ दोनदा डाउनलोड केली. डिस्क बदलू का?

आकडे दिलेत हे फार चांगले केले. या चुकीचा अर्थ ‘फाइल वाचता आली नाही किंवा खराब आहे’ एवढाच. प्रत्येक वेळी एकाच टक्क्यावर थांबत असते, तर आयएसओवर किंवा डिस्कच्या एका खराब जागेवर संशय घेतला असता. तुमच्याकडे टक्का बदलतो आहे. मग रॅम, केबल किंवा उष्णता यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता जास्त.

तरीही आधी फुकटची तपासणी. ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, पुढे आयएसओचे नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’ द्या. येणारी ६४ अक्षरे म्हणजे फाइलचा ठसा. ती डाउनलोडच्या पानावरच्या अक्षरांशी जुळली पाहिजेत. नंतर हीच कमांड लागोपाठ तीनदा चालवा. एकाच फाइलचे उत्तर दर वेळी वेगळे आले, तर फाइल वाचणारे यंत्रच चुकते आहे.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची प्रकृती दाखवणारा प्रोग्राम उघडा. ०५ आणि सी५ या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्याहून जास्त आकडा असेल तर डिस्कच्या पृष्ठभागावर खराब जागा आहेत. सी५ वाढत असेल तर आधी माहिती काढून घ्या, सेटअप नंतर. सी७ वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा साटा केबलचा असतो. केबल स्वस्त मिळते, डिस्क बदलण्याआधी ती बदला. सी७ चा जुना आकडा केबल बदलल्यावरही कमी होत नाही, तो पुढे वाढतो का एवढेच बघायचे.

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ या तपासणी प्रोग्रामची किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या, रात्रभर चालवली तर उत्तम. एकही लाल ओळ आली तर एक-एक पट्टी काढून पुन्हा तपासा. पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसून घट्ट बसवल्यावरही अनेकदा दोष जातो.

उष्णतेकडे दुर्लक्ष करू नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पेटीच्या आतले तापमान खोलीपेक्षा बरेच जास्त असते. बहुतेक हार्ड डिस्कची चालू अवस्थेतली मर्यादा ६० अंश असते. तापमान क्रिस्टलडिस्कइन्फोमध्येच दिसते. जिनिंगच्या परिसरातल्या संगणकांत तर प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंचा थर बसतो आणि बाहेरून तो दिसतही नाही. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा, फिरू देऊ नका. उन्हाळ्यात सेटअप पहाटे लावा, पेटीचे झाकण उघडून समोर टेबल फॅन ठेवा. तेव्हा काम पूर्ण झाले तर कारण सापडले.

विजेबद्दलही सांगतो. ६०० व्हीएचा यूपीएस साध्या डेस्कटॉपला साधारण १०-१५ मिनिटे पुरतो. हार्ड डिस्कवर सेटअपला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. फाइल्स कॉपी होताना वीज गेली तर फार बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. पार्टिशन लहान-मोठे होताना गेली तर माहिती जाऊ शकते.

चोपडा : शाळेच्या संगणक कक्षात जुनी उबुंटू असलेले संगणक आहेत, ४ जीबी रॅम. त्यावर लिनक्स मिंट टाकायचे आहे. सीडी ड्राइव्ह बंद आहेत. आयएसओ डिस्कवर ठेवून ग्रब या लिनक्सच्या बूट मेनूतून सुरू केली. मिंट उघडते, पण इन्स्टॉलर ‘पार्टिशन वापरात आहे’ म्हणून अडतो.

निम्म्याहून जास्त काम तुम्ही बरोबर केले आहे. चालू असलेली मिंट आयएसओमधून चालते, म्हणून आयएसओ ज्या भागात आहे तो ‘/आयएसओडिव्हाइस’ या नावाने जोडलेला राहतो. इन्स्टॉलर तोच भाग सोडायला सांगतो आणि तो सुटत नाही.

टर्मिनलमध्ये ‘सूडो उमाउंट -एल /आयएसओडिव्हाइस’ द्या आणि मग इन्स्टॉलर चालवा. त्यात ‘समथिंग एल्स’ निवडा. आयएसओचा भाग तसाच ठेवा, जुन्या उबुंटूचा भाग निवडून ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा आणि माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ द्या. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय इथे घेऊच नका. आयएसओ जुन्या उबुंटूच्याच भागात असेल तर आधी तिच्यासाठी वेगळा भाग हवा, तिथे ती हलवावी लागेल. ज्या संगणकांत ८ जीबी रॅम आहे तिथे ग्रबमधल्या ‘लिनक्स’ ओळीच्या शेवटी ‘टूरॅम’ लिहा. सगळी आयएसओ रॅममध्ये उतरते आणि डिस्क मोकळी होते. ४ जीबीत हे जमत नाही, कारण मिंट २२ ची आयएसओच जवळपास ३ जीबी आहे.

बाकीच्या संगणकांवर करताना दोन गोष्टी अडवतील. ग्रबमध्ये डिस्कची मोजणी शून्यापासून आणि पार्टिशनची एकपासून होते, म्हणजे एसडीए५ म्हणजे ‘एचडी०,५’. ‘फाइल सापडली नाही’ ही चूक बहुतेक वेळा याचमुळे येते, किंवा इनिटआरडी या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलच्या नावामुळे. काही आयएसओत ते नुसते असते, काहींत पुढे ‘.एलझेड’ असते. आयएसओ उघडून ‘कॅस्पर’ फोल्डरमध्ये खात्री करा. यूईएफआय संगणकावर रॅम पुरेशी असूनही ‘आउट ऑफ मेमरी’ आले, तर ग्रबमधल्या नोंदीच्या सुरुवातीला ‘आरएममॉड टीपीएम’ ही ओळ घाला.

मिंटची निवड योग्य आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

धुळे : नवी एसएसडी बसवली. जुन्या हार्ड डिस्कवरच्या फाइल्समधून एसएसडीवर विंडोज टाकले, छान चालते. पण जुनी डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही.

विंडोज एसएसडीवर आहे, पण ते सुरू करून देणाऱ्या फाइल्स जुन्या डिस्कच्या ईएफआय भागात गेल्या आहेत. सेटअपला आधीचा ईएफआय भाग सापडला की ते नवा करत नाही. एरवी सेटअपच्या वेळी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा असे सांगता येते. तुमचे सेटअपच तिच्यावर होते, त्यामुळे ते शक्य नव्हते. पुन्हा विंडोज टाकण्याची गरज नाही.

जुनी डिस्क लावलेलीच ठेवा आणि अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट उघडा. ‘सिलेक्ट व्हॉल्यूम सी’, मग ‘श्रिंक डिझायर्ड=३००’, मग ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०’, मग ‘फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२’, मग ‘असाइन लेटर=एस’, शेवटी ‘एक्झिट’. प्रत्येक कमांडनंतर ‘सक्सेसफुली’ आले का ते वाचा, नसेल तर पुढे जाऊ नका. नंतर ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ द्या. संगणक पूर्ण बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा आणि बायोसमध्ये एसएसडीचा ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला ठेवा. तो उठला याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.

पारोळा : फक्त सी फॉरमॅट करणार आहे. डीवरचे सगळे सुरक्षित राहते, मग प्रत कशाची घ्यायची?

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर सीवरच असतात आणि निम्मे काम डेस्कटॉपवरच पडलेले असते. टॅली वापरत असाल तर कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो. तो सीवर आहे का ते बघा आणि अख्खा फोल्डर उचला. जुने मराठी फॉन्ट सीमधल्या विंडोज फोल्डरच्या ‘फॉन्ट्स’मध्ये असतात. ते गेले की युनिकोडपूर्वीच्या पत्रिका आणि अर्ज वाचता येत नाहीत. ब्राउझरमधले पासवर्ड आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही आठवणीने घ्या. फॉरमॅट न करता त्याच सीवर विंडोज टाकले तर जुने विंडोज, प्रोग्राम आणि डेस्कटॉप-डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये जातात. त्यातले हवे ते आठवडाभरात काढून घ्या, विंडोज तो फोल्डर साधारण १० दिवसांनी स्वतःहून पुसून टाकते.